हेमंतातील सायकलस्वार आणि त्याचे पाय

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारींचा रोख बदलतो. आमचे चिकित्सालय निफाड तालुक्यात आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमानाची नोंद वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येते आणि उभ्या महाराष्ट्राला निफाडची थंडी समजते. काही हिवाळ्यांत येथील पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरलेला आहे. द्राक्षाच्या बागांत पहाटे शेकोट्या पेटतात, त्या माणसांसाठी नव्हे, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मात्र त्याच वेळी, चार-साडेचारच्या सुमारास, शेकोट्यांच्या धुरातून काही माणसे सायकलवरून निघालेली असतात. दूध घालणारे, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, पहिल्या पाळीला जाणारे कामगार आणि अलीकडच्या काळात हौसेने किंवा आरोग्यासाठी सायकल चालविणारे. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून या शेवटच्या वर्गाची संख्या आमच्या परिसरात डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. वर्ग भिन्न, सायकली भिन्न. परंतु तक्रार एकच असते. ‘अंग गरम होते, पाय मात्र गारच राहतात.’

ही तक्रार वैद्याला किरकोळ वाटते. आम्हांलाही वाटत असे. एका हिवाळ्यात तिच्यापायी आमच्या हातून जी चूक घडली, ती सांगण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. मात्र तत्पूर्वी सायकलस्वाराचे पाय गार का पडतात, याचा विचार करणे इष्ट ठरेल. कारण बहुसंख्य रुग्णांची तक्रार तेवढ्यानेच मिटते आणि औषधाची गरज पडत नाही.

चालणाऱ्या माणसाचे पाऊल दर क्षणी जमिनीवर टेकते, वळते, दाबले जाते. त्यातील लहान स्नायू सतत कार्यरत असतात. सायकलस्वाराचे तसे नाही. त्याची मांडी आणि पोटरी राबतात. पाऊल मात्र पायडलवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यासारखे जवळपास निश्चल असते. व्यायाम सर्व शरीराला, विश्रांती बोटांना, अशी ही विपरीत वाटणी आहे. त्यातच हवा स्तब्ध असली तरी सायकलचा वेग हाच वारा होतो आणि तो सर्वप्रथम बोटांवर आदळतो. हवेचे तापमान ५ अंश असताना ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला तो गारवा सुमारे १ अंशाइतका जाणवतो, असे हवामानशास्त्राचे गणित सांगते. येथे वातदोषाच्या शीत, रूक्ष आणि चल या गुणांची आठवण न झाली तरच नवल. चलत्व बाहेरच्या वाऱ्यात आणि स्तब्धता पावलात, असा हा योग आहे.

दुसरी बाब शरीराच्या स्वतःच्या व्यवस्थेची. थंडी लागताच शरीर हृदय, फुप्फुस, यकृत आदी आतल्या अवयवांची उष्णता राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणजे छाती आणि डोके उघडे ठेवून केवळ पायांना दोन-दोन मोजे चढविणारा सायकलस्वार उलट्या बाजूने घर बांधीत असतो. कानटोपी, छातीवर वारा अडविणारे एखादे वस्त्र आणि हातमोजे घातले की पाय काही प्रमाणात आपोआप उबदार होतात. हा अनुभव आम्ही अनेकांना घेऊन पाहावयास सांगितला आहे. प्रथम त्यांना पटत नाही. चार दिवसांनी ते स्वतःच सांगत येतात.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे घट्ट बूट. ऊब मोज्यात नसते, मोजा आणि त्वचा यांच्यामध्ये अडकलेल्या हवेत असते. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की ती हवाही जाते आणि पावलाचा रक्तप्रवाहही दाबला जातो. हिवाळ्यासाठी बूट एक माप मोठा असावा आणि नाडी बांधल्यावर आतल्या आत पाची बोटे हलविता यावीत, इतकीच साधी कसोटी आम्ही सांगतो. खेळासाठी सायकल चालविणाऱ्यांच्या बुटांना पुढच्या बाजूस जाळी असते. उन्हाळ्यात ती उपयुक्त, परंतु पौषात तीच वाऱ्याची खिडकी ठरते. तिच्यावर आतून कापडी चिकटपट्टी लावली तरी पुष्कळ फरक पडतो. तळव्याखाली नमद्याचा किंवा बुचाचा तुकडा घातल्यास धातूच्या पायडलमधून वर येणारा गारवा अडतो.

ओलाव्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती मोजा घाम शोषून घेतो आणि धरून ठेवतो. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर तो मोजा राहत नाही, थंड पट्टी होते. दवाने ओला झालेला बूट दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळलेला नसतो आणि रुग्ण त्याच ओल्या बुटात पुन्हा पाय घालतो. लोकरीचा मोजा ओला झाला तरी बरीच ऊब राखतो. आमच्या आजोबांच्या पिढीने घोंगडी पावसातही अंगावर का घेतली, याचे उत्तर यातच आहे. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या एका मुलाने आम्हांला त्याची युक्ती दाखविली. उरलेल्या अंकाचे एक पान तो मोज्यावरून बोटांभोवती गुंडाळतो आणि मग बूट घालतो. घरी आल्यावर त्याच कागदाचा बोळा बुटात कोंबून ठेवतो, म्हणजे बूट दुपारपर्यंत कोरडा. वारा अडविणे आणि ओल शोषणे ही दोन्ही कामे एका कागदात. महागड्या साधनांची जाहिरात वाचून येणाऱ्या हौशी मंडळींना आम्ही हीच युक्ती सांगतो आणि ती मंडळी किंचित हिरमुसतात!

आता शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात हेमंतात अभ्यंग, उत्सादन, मूर्ध्नितैल, स्वेद, आतपसेवन आणि उष्ण गृह यांचा निर्देश केला आहे. वाग्भटाचार्यांनी तर हेमंताच्या चर्येत पादत्राण सदैव वापरण्यास आवर्जून सांगितले आहे. हा उल्लेख आपण पाठांतरात ओलांडून जातो. ज्या ऋतूत स्निग्ध आहार आणि उबदार गृह यांची चर्चा चालली आहे, तेथेच पादत्राणही यावे, यातून त्या आचार्यांची दृष्टी दिसते. पादाभ्यंगाचे गुण सांगताना चरकाचार्य पावलांचा खरपणा, स्तब्धता, रूक्षता, श्रम आणि सुप्ती यांचा उपशम सांगतात. यांपैकी ‘सुप्ती’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पादाभ्यंग केव्हा करावा, याबाबत मात्र आमचे मत प्रचलित समजुतीहून वेगळे आहे. अनेक सायकलस्वार निघण्यापूर्वी तळव्यांना तेल चोळतात. तेलकट पाऊल बुटात सरकते, मोजा तेल पितो आणि त्याची जाळी बुजल्याने ऊब धरण्याची शक्ती जाते. अभ्यंग रात्री करावा. कोमट तिळतेल, ताठरपणा अधिक असल्यास नारायण तेल, प्रत्येक पावलास पाच ते दहा मिनिटे, घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. नंतर कोरड्या पंचाने पुसून घ्यावे आणि बोटांच्या बेचक्यांत तेल मुळीच राहू देऊ नये, अन्यथा चिखल्या होतात. सकाळी काही करावयाचेच असेल, तर त्वचा अखंड असल्यास सुंठीची वस्त्रगाळ पूड हलक्या हाताने मिनिटभर चोळावी आणि पुसून टाकावी. टाचांना भेगा पडलेल्या रुग्णांत सुंठ वर्ज्य समजावी. तेथे राळेचे मलम किंवा कोकणातून येणारे आमसुलाचे तेल, ज्याला तिकडे भिरंडेल म्हणतात, ते उत्तम काम देते. काशाच्या वाटीविषयी विचारणा नेहमी होते. तळपायाच्या दाहासाठी तिचा वापर घरोघरी आहे. गार पडलेल्या पावलांसाठी आम्ही ती सुचवीत नाही.

आहाराबाबत एवढेच नोंदवितो की, हेमंतात अग्नी प्रबल असतो आणि त्याला इंधन न मिळाल्यास तो रसधातूचे शोषण करून वातप्रकोप घडवितो, हे वचन आपण सर्व जाणतो. आमच्या दूधवाल्या रुग्णांचा पहाटेचा आहार काय? एक कप चहा आणि एक विडी. डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू, अथवा रात्रीची बाजरीची भाकरी तीळकुटाबरोबर खाऊन निघणाऱ्याला रस्त्यात कमी थंडी वाजते. विडीविषयी तर वेगळा लेख व्हावा. तंबाखू कोणत्याही रूपात, मग ती विडी असो, मळलेली असो वा स्त्रियांची मिश्री, तिच्यातील निकोटीन हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. पाय गार पडतात म्हणून शेकोटीशी बसून विडी ओढणारा माणूस एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. पंचविशी-तिशीतील विडी ओढणाऱ्या पुरुषाची बोटे थंड, निळसर आणि दुखरी असतील, तर बर्गर्स डिसीज या रक्तवाहिन्यांच्या व्याधीची शंका घेतलीच पाहिजे. तेथे तंबाखू पूर्णपणे सोडणे हीच चिकित्सेची पहिली पायरी आहे.

आता आमच्या चुकीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी पौषातील एका सकाळी दूध घालणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. वय पन्नाशीच्या पुढचे. सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या लावून रोज दहा-बारा किलोमीटर फिरणारे. चिकित्सालयात गर्दी होती. ते दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘डॉक्टर, पाय लाकडासारखे झालेत. गार पडतात नि नंतर काही कळतच नाही.’’ आम्ही नाडी पाहिली, जीभ पाहिली. पायातील बूट मात्र काढावयास सांगितले नाही. हेमंत, वातप्रकोप, शीतस्पर्श, सायकल. निदान जणू समोर मांडून ठेवलेले होते. रात्री तिळतेलाचा अभ्यंग आणि घरी आल्यावर मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून शेक, असा सल्ला देऊन आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. दोन्ही टाचांवर आणि उजव्या पायाच्या करंगळीच्या बाजूला मोठे फोड. त्या माउली म्हणाल्या, ‘‘बंबातलं पाणी होतं हो. यांना चटका बसलाच नाही. पंचा घेऊन मी पाय पुसायला बसले, तेव्हा कातडं हाताला आलं.’’ चौकशीअंती कळले की, त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह होता, गोळ्या दुसरीकडून चालू होत्या आणि त्याही अधूनमधून. आम्ही विचारले नव्हते. त्यांनी सांगितले नव्हते. परंतु सांगण्याची जबाबदारी रुग्णाची आणि विचारण्याची वैद्याची, या दोहोंत मोठी कोणाची, याविषयी आमच्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

त्यांना त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठविले. जखमा भरून येण्यास अडीच महिने लागले. बोट गेले नाही, पाय गेला नाही, हे त्यांचे सुदैव आणि आमचेही.

या प्रसंगानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले आणि खजील झालो. स्वेदनास अयोग्य असलेल्यांच्या चरकोक्त यादीत मधुमेही स्पष्टपणे आला आहे. प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता आणि दाह सांगितले आहेत. ‘काही कळतच नाही’ हे त्या गृहस्थांचे शब्द म्हणजे सुप्ततेचे मराठी भाषांतरच होते आणि आम्ही ते ‘शीतता’ या अर्थाने ऐकले. गार पाय आणि बधिर पाय या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिल्यात उष्णता हे औषध. दुसऱ्यात तीच उष्णता अग्निदग्धाचे कारण. पादाभ्यंगाच्या फलश्रुतीत सुप्ती आहे, हे खरे. परंतु सुप्त पावलावर अभ्यंग वेगळा आणि शेक वेगळा. हे अंतर आम्ही त्या दिवशी पुसून टाकले होते.

तेव्हापासून ‘पाय गार पडतात’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचे बूट-मोजे आम्ही काढावयास लावतो. उभयपादांची उष्णता हाताच्या पाठीने पाहतो. एक पाय गार आणि दुसरा उबदार असेल, तर तो ऋतूचा दोष नव्हे. पावलाच्या पाठीवरील आणि आतल्या घोट्यामागील नाडी दोन्ही बाजूंस तपासतो. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तळव्याची संवेदना पाहतो; हे साधन स्वस्त आहे आणि प्रत्येक वैद्याच्या टेबलावर असावे. नाडी लागत नसेल, चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, बोट निळे-काळे दिसत असेल किंवा जखम भरत नसेल, तर अभ्यंग, स्वेद, लेप यांपैकी काहीही न करता रुग्ण त्वरित रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवितो. पांडू आणि थायरॉइडची मंदता यांचाही विचार करतो. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी घेतल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्यांनी हातपाय गार पडू शकतात, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी पाहतो. गोळी मात्र परस्पर बंद करण्यास कधीही सांगत नाही.

येथे औषधालयांच्या चालक-बंधुभगिनींशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. वैद्याकडे येण्यापूर्वी रुग्ण बहुधा आपल्या काउंटरवर येतो. गरम पाण्याची पिशवी, विजेवर तापणारी उशी, हल्ली मिळू लागलेल्या बुटात घालावयाच्या तापणाऱ्या पुड्या (यांत लोहचूर्ण हवेच्या संपर्काने तापते), कापूर आणि गंधपुऱ्याचे तेल असलेली मलमे, हे सर्व तो आपल्याकडूनच घेतो. देण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : मधुमेह आहे काय? आणि पायाला चटका बसलेला कळतो काय? पहिल्याचे उत्तर ‘हो’ किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ आले, तर ती वस्तू परत फळीवर ठेवावी आणि रुग्णास पाय दाखविण्यास पाठवावे. एका पिशवीची विक्री बुडेल. तो ग्राहक मात्र पुढची वीस वर्षे आपल्याच दुकानात येईल. मलमांबाबत आणखी एक सांगावेसे वाटते. झोंबणे म्हणजे उष्णता नव्हे. मलमाने त्वचा चुरचुरते, पाऊल तापल्याचा भास होतो आणि बूट चढवून माणूस निर्धास्तपणे निघतो. प्रत्यक्षात पाऊल तेवढेच गार असते.

ज्यांचे पाय केवळ गार पडतात, बधिर नसतात, त्यांनीही शेकोटीवर पाय धरू नयेत. थंड, दमट हवेतून येऊन एकदम तापविलेल्या बोटांना खाज सुटते, ती लालसर-जांभळी होऊन सुजतात. कोरडे मोजे, पायांवर घोंगडी आणि खोलीतल्या खोलीत पंधरा मिनिटे चालणे पुरते. पाण्याने शेकावयाचेच असेल, तर पाणी कोपराने पाहावे. कोपराला कोमट तेच पायाला योग्य. वाटेतही दर अर्ध्या तासाने सायकलवरून उतरून शंभर पावले हातात धरून न्यावी. दूधवाल्यांना ही विश्रांती आपोआप मिळते, हौशी मंडळींना मुद्दाम घ्यावी लागते. आणि उन्हाळ्यात मनाली-लेह मार्गावर सायकलने जाणारे आमचे काही रुग्ण आहेत. त्यांना आम्ही बजावून सांगतो की, उंचावर बोटे पांढरी, कडक आणि संवेदनाशून्य झाली, तर ती कोणत्याही तेलाने चोळू नयेत. गोठलेल्या मांसधातूवर मर्दन केल्यास तो अधिकच नष्ट होतो. तेथे अभ्यंगाचे नावही नको. तातडीने रुग्णालय गाठावे.

एक जिज्ञासेचा विषय जाता जाता मांडतो. वातरक्ताच्या निदानांत घोडा, उंट यांवरून प्रवास सांगितला आहे आणि त्या व्याधीचे अधिष्ठान मुख्यतः हातपाय. आरूढ माणसाचे पाऊल निराधार, निश्चल आणि वाऱ्यास उघडे असते; सायकलस्वाराचेही तसेच. ही सांगड आमची, ग्रंथाची नव्हे. परंतु ज्यांच्याकडे वातरक्ताचे रुग्ण अधिक येतात, त्या वैद्यांनी रुग्णांचे वाहन कोणते, हे केसपेपरवर नोंदवून ठेवले, तर काही वर्षांनी त्यावर बोलता येईल.

ते दूधवाले गृहस्थ आता साठीच्या पुढे आहेत. साखर आटोक्यात आहे, विडी सुटली आहे. हिवाळ्यात लोकरीचे मोजे आणि एक माप मोठे कॅनव्हासचे बूट घालतात. त्यांच्या पत्नी रोज रात्री छोटा आरसा धरून त्यांचे तळवे पाहतात; तेल लावतात, शेकत नाहीत. दर महिन्याला चिकित्सालयात आले की काही न विचारता ते पायरीवर बसतात आणि बुटाच्या नाड्या सोडू लागतात. फार गारठा असला की हळूच विचारतात, ‘‘डॉक्टर, नुसतं कोमट पाणी तरी चालेल का?’’ आम्ही नाही म्हणतो. ते हसतात आणि दुसरा बूट काढतात.